पाय मोकळे करायला

"कोणी विचारलं, कुठे निघालीस, तर म्हणायचं, जरा पाय मोकळे करून येते. बस्. पुढे एक अक्षर नाही."

सासूबाईंनी हे सांगितलं तेव्हा लग्नाला तीन दिवस झाले होते. एका हातात झाकणाची बादली आणि दुसऱ्या हातात आखूड पात्याची सुरी देऊन त्यांनी धाकटीला मागच्या दारात उभं केलं होतं. सुरी बादलीत टाकायची, झाकण लावायचं आणि चेहरा असा ठेवायचा, की बादली आपली नव्हेच, ती आपली आपण मागून आली आहे.

"पण आई, बादली घेऊन कोण फिरायला जातं?"

"सगळ्याच जातात. म्हणून तर कोणी विचारत नाही."

त्याला आता सत्तावीस वर्षं झाली. सासूबाई गेल्या, केस पांढरे व्हायला लागले, पण घरात मोठी जाऊ असल्यामुळे धाकटी अजून धाकटीच राहिली. आणि ओहोटीची वेळ झाली की ती अजून पाय मोकळे करायला जात होती.

बेट लहान होतं. एका टोकाला धक्का, दुसऱ्या टोकाला दीपस्तंभ, मधे घरं आणि घरांच्या मागे बायकांचे भाजीचे वाफे. पुरुष होड्या घेऊन जात. मिळालेली मासळी बर्फात घालून समोरच्या किनाऱ्यावर रवाना होई. मोठा मासा घरच्या चुलीवर चढलेला धाकटीने वर्षातून चार-पाच वेळा पाहिला असेल. वारा फिरला की होड्या महिनोन् महिने पालथ्या पडून राहत. तेव्हा, आणि एरवीही, घरच्या पातेल्यात जे शिजे ते बायकांनी चिखलातून वेचून आणलेलं असे.

तो चिखल बेटाच्या मागच्या अंगाला होता. पाणी मागे हटलं की मैलभर लांब उघडा पडायचा. दोन बारीक भोकं शेजारी शेजारी दिसली की खाली शिंपला. एकच भोक असेल तर किडा, त्याच्या वाटेला जायचं नाही. अंगठ्याच्या पेराहून लहान शिंपला निघाला तर परत त्याच जागी ठेवायचा. पार कडेला खडक होते, त्यांना कालवं चिकटलेली असत. तिथे जेमतेम तासभर मिळायचा, मग पाणी वळायचं. येताना हाताला लागेल तेवढं शेवाळ आणायचं, विहिरीवर धुऊन त्यातलं मीठ काढायचं आणि वाफ्यात घालायचं. बेटाची जमीन नुसती वाळू. कांदा, वांगी, भोपळा, जे काही यायचं ते त्या शेवाळावर.

पण हे बोलायचं नसे. बाई चिखलात उतरली म्हणजे तिच्या घरची होडी रिकामी आली, असं कधी काळी कोणी तरी म्हटलं असेल, कोणाच्या तरी वर्मी लागलं असेल. मूळ गोष्ट कोणाला ठाऊक नव्हती, गप्प बसणं मात्र चालत आलं होतं. धाकटीचा नवरा मनाने वाईट नव्हता. ताटात शिंपले जास्त दिसले की म्हणायचा, "आज लांबवर फिरून आलेली दिसतेस." कमी असले तर, "आज पाय दुखले वाटतं." एवढ्यावर दोघांचा संसार सुखाने चालला होता.

गेल्या वर्षी नोंदणीची मुलगी आली. कचेरीने तिला बेटावर कोण काय काम करतं ते लिहून आणायला पाठवलं होतं. चष्मा सारखा नाकावरून घसरायचा, तो सावरत ती शाळेच्या ओसरीवर टेबल मांडून बसली. धाकटीचं घर शाळेला लागून, म्हणून रांगेत ती पहिली.

"मासेमारी करता का?"

"छे गं बाई. ते पुरुषांचं."

धाकटी खोटं बोलत नव्हती. मासे मारायचे म्हणजे होडी हवी, जाळं हवं. चिखलातून वेचायला मासेमारी म्हणतात हे बेटावर कोणाला सांगितलं असतं तर लोक हसले असते.

"शेती?"

"शेती कसली! परसात चार वाफे आहेत. घरापुरते."

"मग किनाऱ्यावर जाणं-येणं?"

मागच्या बायकांनी बादल्या पायांआड सरकवल्या. रांगेत दोघातिघींचे सासरेही उभे होते.

"जाते की," धाकटी म्हणाली. "जरा पाय मोकळे करायला."

"रोज?"

"ओहोटी असेल तेव्हा."

मुलीने मान वर केली. तिला हे फार आवडलं. तिने एका रकान्यात बारीक अक्षरात काही लिहिलं. पुढच्या बाईनेही तेच सांगितलं, तिच्या पुढच्या बाईनेही. गुडघ्यांमुळे जिला शाळेच्या तीन पायऱ्या चढवेनात त्या थोरल्या मावशीनेही, आपण दिवसातून दोनदा फिरायला जातो, असं शपथेवर सांगितलं. बहात्तर बायकांपैकी एकाहत्तर जणींचं उत्तर सारखं आलं. बहात्तरावी बाळंतीण होती; तिच्या वतीने तिच्या आईने कळवलं की सध्या बंद आहे, पण महिन्याभरात पुन्हा सुरू करेल.

जाताना मुलगी म्हणाली, "तुमच्या बेटावरच्या बायका तब्येतीला किती जपतात! आमच्याकडे कोणी चार पावलं चालत नाही."

बायका गालात हसल्या आणि बादल्या घेऊन आपापल्या वाटेला लागल्या.

यंदा इंजिनियर आला. सडपातळ, हळू बोलणारा, बुटांना चिखल लागू नये म्हणून धक्क्यावरसुद्धा दगडा-दगडावरून पाय टाकणारा माणूस. शाळेच्या फळ्यावर त्याने एक मोठं रंगीत चित्र टाचलं आणि बायकांना मुद्दाम पुढे बसवलं. चित्रात रुंद फरसबंद रस्ता होता, दोन्ही बाजूंना बाक, दिव्याचे खांब, आणि कॅनव्हासचे बूट घातलेल्या बायका हात हलवत चालल्या होत्या. एकीच्या हातात कुत्र्याचा पट्टा होता. वर लिहिलं होतं, 'महिला विहार पथ'.

"आजवर सगळी कामं पुरुषांसाठी झाली," इंजिनियर म्हणाला. "धक्का, बर्फाचं गोदाम, होड्यांचा उतार. या वेळी आम्ही ठरवलं, बायकांना काय हवं ते आधी बघायचं. नोंदणी चाळली. एकाहत्तर बायका रोज फिरायला जातात आणि फिरायला धड जागा नाही. चिखलातून चालतात बिचाऱ्या!"

पहिलं मिनिटभर कोणाला काही उमगलं नाही. बेटावर जिला सगळे रेडिओ म्हणत, कारण ती एकदा सुरू झाली की बंद करायचं बटण सापडत नसे, तिने विचारलं, "साहेब, तो कुत्रा पण कचेरीच देणार का?"

खोलीत हशा पिकला. इंजिनियरही हसला. हसणं ओसरल्यावर धाकटीने हळूच विचारलं, "हा रस्ता येणार कुठे?"

"मागच्या बाजूला. ती सगळी पडीक जागा आहे ना, तिथे."

"आणि चिखल?"

"चिखल राहणारच नाही!" इंजिनियर आनंदाने म्हणाला. "पार खडकांपर्यंत भराव टाकणार. दगड घेऊन मोठी बार्ज बोट पुढच्या महिन्यात येईल. कोणाची काही हरकत असेल तर आठ दिवसांनी मी परत येतोय, तेव्हा सांगायची. अर्थात हरकत कोण घेणार म्हणा."

त्या संध्याकाळी धाकटीच्या परसात वीस-पंचवीस बायका जमल्या. कोणी वाफ्याच्या बांधावर बसली, कोणी पालथ्या बादलीवर.

"बाकावर बसून काय करू मी?" रेडिओ म्हणाली. "शिंपले काय बाकाखाली उगवणार आहेत?"

"आणि शेवाळ? हे वाफे कशावर पिकवायचे, फरशीवर?"

"त्याला सांगून टाकू, आम्हाला रस्ता नको."

"का नको विचारलं तर?"

का नको हे सांगायचं म्हणजे चिखलात आपण काय करतो ते सांगायचं. तेही सभेत, दिवसाढवळ्या, नवऱ्या-सासऱ्यांच्या देखत.

"पहिली धाकटी बोलली होती," कोणी तरी म्हणालं. "आम्ही आपलं तिचं ऐकून बोललो."

"मग आता माझं ऐकून खरं बोलाल?" धाकटीने विचारलं.

मोठी जाऊ दारातच उभी होती, तांदूळ निवडायचं ताट हातात धरून. ती म्हणाली, "धाकटे, चार माणसांत उभी राहून सांगणार आहेस, की आमच्या घरचे पुरुष आम्हाला पोसत नाहीत?"

"तसं कुठे म्हणतेय मी?"

"तू काहीही म्हण. ऐकणाऱ्याच्या कानात तेच जाणार."

धाकटीला हे पटत होतं, आणि गप्प राहिलं तर चिखल जाणार हेही दिसत होतं. तिने देवापाशी दिवा लावला, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ हात जोडून उभी राहिली आणि मग अंगणात नवरा जाळं सांधत बसला होता तिथे जाऊन बसली. जाळ्याचं एक टोक त्याने पायाच्या अंगठ्यात अडकवलं होतं.

"अहो, सभेत मी बोलणार आहे."

"बोल की."

"चिखलाचं बोलणार आहे."

सुई थांबली. मग पुन्हा चालू लागली.

"त्यात काय बोलायचं?"

"काय वेचतो, किती वेचतो, कोणाच्या ताटात जातं. सगळं."

नवऱ्याने एक गाठ मारली, ओढून पाहिली, पसंत पडली नाही, सोडवली. "सत्तावीस वर्षं तुझ्या तोंडून कधी निघालं नाही. आईच्या तोंडून निघालं नाही. आता नेमकं परक्या माणसापुढे?"

"परक्या माणसानेच भराव टाकायचा काढलाय. घरच्याने काढला असता तर घरात बोलले असते."

त्याने तीच गाठ पुन्हा मारली. शेवटी म्हणाला, "मी काही तुझ्या तोंडावर हात ठेवायला येणार नाही. पण मी तिथे नसेन. मला काम आहे."

"काय काम आहे?"

"ते त्या दिवशी ठरवीन."

सभेच्या दिवशी शाळेची खोली भरली. पुरुष भिंतीला टेकून उभे, बायका पुढे जमिनीवर. धाकटीने मागे वळून पाहिलं नाही. इंजिनियरने कागद चाळले आणि विचारलं, "कोणाची हरकत?"

धाकटी उठली. तिचा आवाज मुळातच बारीक. इंजिनियरला पुढे झुकावं लागलं.

"साहेब, आम्ही फिरत नाही."

"काय म्हणालात?"

"आम्ही तिथे फिरायला जात नाही. कोणीच जात नाही."

"पण ताई, नोंदीत तसं स्पष्ट आहे." त्याने कागद वर धरला. "एकाहत्तर जणींनी सांगितलंय."

"ते मीच सांगितलंय. बाकीच्यांनी माझ्यामागून सांगितलं. त्या मुलीची चूक नाही. तिने जे ऐकलं ते लिहिलं."

"मग रोज तिथे करता काय?"

आता तो शब्द आला. धाकटी म्हणाली, "वेचतो. शिंपले, कालवं, शेवाळ. होड्या बंद असतात तेव्हा घरातलं एकूण एक जेवण तिथून येतं. होड्या चालू असतात तेव्हाही निम्मं तिथूनच येतं. शेवाळ नसेल तर भाजी नाही. तुम्ही भराव टाकलात तर रस्ता होईल, त्यावर चालायला आमच्या पायांत त्राण राहणार नाही."

पुरुष आपापल्या पायांच्या बोटांकडे बघत होते, जणू ती मोजून घ्यायची आहेत. मग होड्या बांधणारा म्हातारा सुतार, ज्याला उशिरा ऐकू येई, मोठ्याने म्हणाला, "मग आम्ही काय माशा मारतो?"

कोणी तरी फिसकन हसलं. सुताराला राग आला. त्याने दाराकडे बोट केलं. "तो बघा, तिचा नवरा उभा आहे. त्यालाच विचारा. काय रे, खरं बोलतेय का ती?"

धाकटीने तेव्हा मागे पाहिलं. नवरा दारात उभा होता, एक पाय आत, एक बाहेर. सगळ्यांच्या नजरा वळल्यावर तो बाहेरचा पाय आत घ्यावा की आतला बाहेर, या विचारात पडलेला दिसला.

"मी जेवतो," तो शेवटी म्हणाला. "कुठून येतं ते कधी विचारलं नाही."

"विचारलं नाहीत भावजी," पुढच्या ओळीतून मोठ्या जावेचा आवाज आला, "पण दर वेळी पुन्हा वाढून मात्र घेतलंत."

या वेळी सगळी खोली हसली. जाऊबाई स्वतः हसल्या नाहीत. मान खाली घालून त्यांनी पदराचं टोक नीट केलं. पण गाठ सुटायची ती सुटली. रेडिओ उठली आणि कालवं खडकापासून सोडवताना सुरी कोणत्या बाजूने घालायची, इथपासून सुरुवात करून बोलतच राहिली. थोरल्या मावशीने बसल्या जागेवरून हात वर करून सांगितलं की आपलं दिवसातून दोनदा फिरणं हे धडधडीत खोटं आहे, पण चाळीस वर्षं वेचणं खरं आहे. काही बायका मात्र तोंड शिवून बसल्या होत्या. त्यांचे पुरुष हसले नव्हते.

इंजिनियरने कपाळ चोळलं. तो चिडला नव्हता. वाढदिवसाची भेट परत आलेल्या माणसासारखा दिसत होता.

"हे बघा ताई, मी विश्वास ठेवतो. पण कागदावर ती जागा पडीक आहे. कचेरीत जाऊन मी म्हटलं की बायका वेचतात, तर साहेब विचारणार, कुठे? कुठून कुठपर्यंत? तुमच्याकडे काही खूण आहे? हद्द आहे?"

"आम्हाला ठाऊक आहे."

"तुम्हाला ठाऊक असून चालत नाही. मला मोजता आलं पाहिजे. उद्या दुपारच्या बोटीने मी जाणार. परवा कागद वर जातो. तो एकदा वर गेला की मग माझ्या हातात काही नाही."

"उद्या सकाळी मोठी ओहोटी आहे," धाकटी म्हणाली. "खडकांपर्यंत सगळं उघडं पडतं."

"मी चिखलात येऊ शकत नाही. यंत्र घेऊन धक्क्याच्या टोकाला उभा राहू शकतो, तिथून मापं घेता येतील. पण काही तरी दिसायला हवं ना मला."

धाकटीने क्षणभर विचार केला. "आम्ही जिथवर वेचतो त्या सगळ्या कडेने खुंट्या उभ्या असतील. तांबड्या फडक्याच्या. पाणी वळायच्या आत तुम्हाला दिसतील."

"सगळ्या कडेने? किती लांब आहे ते?"

"आहे लांब."

"कोण लावणार?"

धाकटीने बसलेल्या बायकांकडे पाहिलं. काहींनी मान हलवली, काहींनी नजर चुकवली. किती जणी येतील, हे तिला त्या क्षणी सांगता आलं नसतं.

"मी लावते," ती म्हणाली. "तुम्ही यंत्र घेऊन उभे राहा. मी शब्द देते."

घरी परतल्यावर तिने परसातल्या वेलांचे आधार उपटले. बारा काठ्या निघाल्या. नवरा दारात येऊन उभा राहिला आणि त्या हाताने वाकवून पाहू लागला.

"या चालायच्या नाहीत," तो म्हणाला. "बारीक आहेत. वाऱ्याने आडव्या होतील, मग तो काय मोजणार, तुझं डोकं?"

"मग काय करू?"

तो पालथ्या होडीखाली शिरला आणि जाळं ताणायचे जुने बांबू ओढून बाहेर काढले. कोयता घेऊन बसला आणि एकेकाला टोक काढू लागला. ढलप्या उडून अंगणभर पसरल्या. धाकटी जेवायला वाढते म्हणाली तर म्हणाला, "वाढ. काय केलंय?"

"शिंपले."

"हं," तो म्हणाला. आणि थोडं थांबून, कोयत्याकडे बघत, "कडेच्या खडकांचे की अलीकडचे?"

इतक्या वर्षांत असा प्रश्न त्याने पहिल्यांदा विचारला होता. "अलीकडचे," धाकटी म्हणाली. "कडेला कालवं असतात. शिंपले नाहीत तिकडे."

"असं होय," तो म्हणाला, आणि पुढचा बांबू हातात घेतला.

सकाळी धाकटी उठली तेव्हा अंगणात तीस खुंट्या दोरीने बांधून ठेवलेल्या होत्या. वर फडक्यांचं एक गाठोडं होतं, तांबड्या चादरीच्या सरळ फाडलेल्या पट्ट्यांचं. ती चादर मोठ्या जावेच्या पलंगावरची होती. खाटेवरचा उघडा काथ्या खिडकीतून दिसत होता. जाऊबाई स्वतः मात्र कुठे दिसल्या नाहीत.

धाकटीने आंघोळ केली, दिवा लावला, रोजचं म्हणायचं ते एक अक्षरही न गाळता म्हटलं. घाई होती म्हणून नेम मोडावा, असं तिच्या मनातही आलं नाही. मग कपडे गुडघ्यापर्यंत खोचले, गाठोडं कमरेला बांधलं, खुंट्या ठोकायला चपटा दगड काखोटीला मारला आणि मोळी खांद्यावर घेतली. जड होती. दोनदा खांदा बदलावा लागला.

धक्क्याच्या टोकाला इंजिनियर आपल्या यंत्राची तीन पायांची घोडी उभी करत होता. तिथून चिखलात उतरणाऱ्या दगडी पायऱ्यांवर रेडिओ आणि आणखी चौघी-पाचजणी उभ्या होत्या. बाकीच्या अजून आल्या नव्हत्या, येतील असंही कोणी म्हणालं नाही.

"थांबायचं का जरा?" रेडिओने विचारलं. रेडिओ इतकं कमी क्वचितच बोले.

"ओहोटी थांबत नाही," धाकटी म्हणाली.

शेवटच्या पायरीवरून तिने चिखलात पाय टाकला. पाय घोट्यापर्यंत आत गेला, निघाला, पुन्हा आत गेला. पाण्याची कड अजून लांब मागे सरकत होती, खडकांचे काळे माथे नुकते वर येत होते. ती त्यांच्या दिशेने चालू लागली.